देव पाण्यात, बस अमरकंटकला

ज्या कोणी नेटवर लिहिलं आहे की जबलपूर ते अमरकंटक रस्ता लोण्यासारखा आहे, त्याने एकदा मांडीवर पाण्याचा डबा घेऊन त्या रस्त्याने जावं. कुंडम येईपर्यंत माझी अर्धी साडी भिजली होती. आता नर्मदे हर, बसा.

डब्यात देव होते. सांगते.

माझ्या मुलीच्या, मीनूच्या, छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला गेला, रिपोर्टला वेळ लागेल म्हणाले. (तिला विचारूनच लिहून राहिली.) येणाऱ्याजाणाऱ्याला मी ठणकावून सांगायची, "आमचा देवावर भरवसा आहे, आम्ही नाही घाबरत." आणि दार लावून बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, तिघांनाही स्टीलच्या डब्यात बुडवून ठेवलं. रिपोर्ट चांगला आला की काढीन, तोवर राहा म्हटलं. असा माझा भरवसा. दूधवाल्यावर याहून जास्त आहे.

मीनू शाळेत शिकवते, पण सध्या घरीच होती. शेवटी वैतागली. "आई, तू दिवसभर माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. चल, कुठेतरी जाऊ."

अमरकंटक ठरलं. देवांना पाण्यात एकटं सोडून कसं जायचं? आणि बाहेर काढायची हिंमत नाही. घेतला डबा पिशवीत, मीनूला न सांगता.

जाणाऱ्यांसाठी: सकाळची बस घ्या, दुपार ढळेपर्यंत पोचवते. मागच्या सीटवर बसू नका, हाडं वेगवेगळी उतरवावी लागतात. कुंडमला चहाला थांबलो तिथे गरम मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, मिळाले. हिरव्या चटणीसोबत हावरटासारखे खाल्ले आणि डिंडोरीपर्यंत ढेकरा दिल्या. पुढे साल वृक्षांचं जंगल लागतं, उन्हातही अंगावर गारवा येतो.

पण त्याआधी कुंडम सुटल्यावरच माझी चोरी पकडली गेली. शेजारच्या बाईची पिशवी ओली झाली.

"अम्मा, आपका डिब्बा चू रहा है। दाल है क्या?"

"भगवान हैं."

"पानी में? काहे?"

"काम अटका है. जब तक होगा नहीं, बाहर नहीं निकालूँगी."

तिने आधी हात जोडले, मग म्हणाली, "अच्छा! मतलब थाने में बिठा के रखा है।"

अर्धी बस हसली. मीही हसली, दुसरं काय करणार. मीनू नाही हसली. तिने डब्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

अमरकंटकला धर्मशाळेत खोली साधी पण स्वच्छ मिळाली. गरम पाणी बादलीने देतात, ब्लँकेट दोन मागा. नर्मदेच्या उगमाच्या मंदिरात दगडाचा छोटा हत्ती आहे, त्याच्या पायांमधून सरपटत निघालं की पुण्यवान. मी वाकूनसुद्धा नाही पाहिलं. पापाचं माहीत नाही, कंबर नक्की अडकली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर देवांचं पाणी बदलायला बसली. नळाचं पाणी असं की बोटं आपली आहेत की नाही कळेना. मीनू येऊन बाजूला बसली.

"काहून ठेवलं यांना पाण्यात?"

"तुझ्यासाठी."

"आणि रिपोर्ट खराब आला तर?"

"शुभ बोल न!"

"बोलते. पण खराब आला तर हे पाण्यातच राहतील न? मला तर तेव्हाच लागतील, आई. तेव्हा मी कोणापाशी बसू?"

आमच्या मोहल्ल्यात माझ्या जिभेला भिऊन भाजीवाले भाव कमी करतात. त्या ओट्यावर मी जीभ सोडून हात चालवला.

काढले तिघांना. पदराने पुसले. बाळकृष्ण एवढा गार झाला होता की मला लाज वाटली, एवढ्याशा लेकराला असं ठेवलं म्हणून. मीनूने त्याला मफलरमध्ये गुंडाळून मुठीत धरला. मी त्याला म्हटलं, काहीही आलं तरी तू इथून हलू नको, मीही नाही हलत. भीती गेली असं समजू नका. पण झाकण लावून पहारा करायचं काम संपलं, आणि मी किती दिवसांनी चहा गरम असताना प्याली.

परत येताना रिकाम्या डब्यात डिंडोरीची जलेबी भरली. पाक तेवढा सांडला.

घरी येऊन आता गुडघे बोलून राहिले आहेत आणि देव देव्हाऱ्यात कोरडे बसले आहेत. रिपोर्ट अजून यायचा आहे. दवाखान्यात मी गुपचूप माझा नंबर लिहून दिला होता, आधी मला कळावं, मग पाहू तिला काय सांगायचं ते. काल जाऊन तो खोडायला लावला, मीनूचा लिहवला. तेव्हा नातेवाइकांनो, "काय झालं" म्हणून मला फोन करू नका, मला माहीत नसेल. मी तिच्या बाजूला बसलेली असेन. दवाखान्याचा फोन वाजला की तो मीनूनेच उचलायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, मी तर बिलकुल नाही.