नरखेडला दोन देश आणि एक हिरवं बटण

नागपूरजवळ हिंगण्यातल्या आमच्या कारखान्यात फ्रेंच फक्त मला येतं, तेही मॅन्युअल वाचण्यापुरतं. म्हणून दोन परदेशी अधिकाऱ्यांना नरखेडला न्यायचं काम माझ्याकडे आलं. देशांची नावं लिहीत नाही. दोन्हीकडे सरकारी भाषा फ्रेंच. एक आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, दुसरा हिंदी महासागरातलं बेट. एकमेकांकडे दूतावास नाहीत, त्यामुळे त्यांचे संबंध दिल्लीतल्या दूतावासांतून चालतात. पहिला संयुक्त प्रकल्प म्हणून दोघं मिळून एक संत्र्यांचं ग्रेडिंग मशीन घेणार होते. ते मी डिझाइन केलंय. परदेशातली ती माझी पहिलीच ऑर्डर ठरली असती.

सकाळी आठला सीताबर्डीच्या हॉटेलखाली गाडी लागली. पुढची सीट दोघंही एकमेकांना देऊ लागले. पंधरा मिनिटं.

"मॅडम, हे भांडून राहिले का?" ड्रायव्हरनी विचारलं.

"नाही. मान देताहेत."

शेवटी पुढे मी बसले.

काटोलमार्गे दोन-अडीच तास धरा, रस्ता बरा आहे. काटोलला पोहे खा. वरची तिखट तर्री वेगळी मागा. आमच्या पाहुण्यांचे पोहे थंड झाले, कारण आधी घास कोणी घ्यायचा ते ठरेना.

नरखेडजवळ ओळखीच्या एका काकूंची संत्र्यांची बाग आहे. आमच्या मशीनची चाचणी तिथेच चालते. शेतीची थ्री-फेज लाइट एकला जाते, हे मी दोनदा सांगितलं होतं. पावणेएक झाले तरी बटण कोणी दाबायचं यावर चर्चा चालूच. एक म्हणे, तुमचा देश अक्षरक्रमात आधी. दुसरा म्हणे, तुम्ही सेवेत ज्येष्ठ. मशीन चाललं नाही तर अहवाल नाही, आणि अहवाल नाही तर ऑर्डर नाही.

"काय म्हणून राहिले वं?" काकूंनी विचारलं.

"आधी कोणी दाबायचं ते."

"काहून? व्याही हायेत का हे?"

काकूंनी पदराला हात पुसले, दोघांच्या मधून गेल्या आणि हिरवं बटण दाबलं. संत्री आकारानुसार चार क्रेटमध्ये पडू लागली. बारा मिनिटं मिळाली, पुरली. दोन्ही साहेबांनी टाळ्या वाजवल्या. यजमानांनी उद्घाटन केल्यावर कोणाचाच मान जात नव्हता.

नागपूरला परतल्यावर महिनाभरात पत्र आलं. मशीन मंजूर. आधी कोणत्या देशात पाठवायचं, यावर दूतावासांची बोलणी सुरू आहेत; दोघांनीही दुसऱ्याचं नाव सुचवलंय. तोवर ते बागेतच राहील. कागदावर माझं मशीन परदेशी गेलंय. प्रत्यक्षात नरखेडच्या पुढे सरकलेलं नाही.

हे काकूंना फोनवर सांगितलं.

"त्याइले म्हणा, आरामात ठरवा," त्या म्हणाल्या. "मले संत्र्याचा पूरा बहार याच मशीनवर काढाचा हाय."