खिळा आणि मिठाचा ढीग

ठाण्याच्या आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक रिकामा खिळा होता. सासरे पावसाळ्याआधी त्यासाठी गणपतीची तसबीर आणणार होते. मी म्हणालो, त्या आधी तिथे माझ्या हातचे चित्र लागेल, आणि तेही कोलशेतच्या मिठाच्या ढिगाचे.

“देवाचं काढलं, तर हात तरी जोडता येतील,” बायको म्हणाली. “मीठ फडताळात आहेच. तिथंच बघत बसावं.”

कचेरीच्या कामाने कोलशेतला गेलो असता उतरत्या उन्हात तो ढीग दिसला होता. जन्मभर मीठ खाल्ले, पाहिले मात्र त्या दिवशी. पाऊस तोंडावर आला की ढीग पेंढ्याने शाकारून टाकतात. म्हणजे तोवरचीच मुदत.

पहिल्या खेपेला रंगाची पेटी, कागद, फळी, छत्री, सगळे नेले. पाणी तेवढे विसरलो. समोर मिठागराचे वाफे भरलेले. पाणी ते पाणी, म्हणून कुंचला त्यातच बुडवला. वाळल्यावर चित्र असे चमचमू लागले की माझे मलाच कौतुक वाटले. मिरवीत घरी आणून खिळ्याला लावले. पुढे खाडीवरचा दमट वारा सुटला आणि एका सकाळी हाक आली, “अहो, इकडे यावं. चित्राला घाम आलाय.” ढीग भिंतीवरून ओघळत थेट जमिनीपर्यंत पोचला होता.

भिंतीला चुना फासला आणि भरलेला तांब्या घेऊन पुन्हा निघालो. मीठ पांढरे, म्हणून ढिगाच्या जागी कागद कोराच ठेवला.

“मोदक छान झालाय,” बायको म्हणाली. “गणपतीच्या खाली लावू.”

तिसऱ्या खेपेला निम्मे ढीग शाकारून झाले होते. माझा शेवटी झाका, अशी मजुरांची विनवणी करून बसलो आणि या वेळी दिसेल तेच लावायचे ठरवले. पेंढा आणणारी एक म्हातारी मागे येऊन थांबली.

“दादा, मीठ पांढरा, न् तू निला कशाला फासतंस?”

“मावशी, इथं बस आणि सावलीकडं बघ.”

ती बसली, कपाळावर हात धरून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बाकीच्या बायांना हाक मारली, “अगो, या गो, निलाच हाय.” साऱ्या जणी पेंढा टाकून आल्या. मुकादम माझ्या नावाने ओरडत सुटला, पण तेवढ्यात माझे ऊन साधले.

घरी चित्र बायकोपुढे धरले. बोट ओले करून तिने कागदाचा कोपरा चोळला, जिभेला लावले.

“अळणी आहे,” ती म्हणाली, आणि खिळ्याखाली चढायला पाट आणून ठेवला. “बाबांच्या गणपतीला दुसरा खिळा ठोकावा.”