एका रिंगचा निरोप

नव्वदच्या दशकात आमच्या सातपूरच्या कॉलनीत फोन होता तो फक्त शेजारच्या काकूंकडे. आई येवल्याला मामाकडे गेली, की तिथल्या बूथवरून त्यांच्याकडे फोन करायची. काकू खिडकीतून ओरडायच्या, "अगं ए, आईचा फोन!" मी अनवाणीच पळत सुटायचे. बसमध्ये खिडकी मिळाली का, निफाडला गाडी किती वेळ थांबली, मामाच्या मागावर कुठल्या रंगाची पैठणी चढलीय, सगळं सगळं ती सांगायची.

कॉलेजात गेले आणि माझ्या हातात मोबाइल आला. मग काय विचारता! एका हातात घास, दुसऱ्या हातात एसेमेस. आई काही बोलायला लागली की मी नुसतं हं हं करायचे, आणि तिला ते कळायचंही. पुढे तिलाही एक जुना फोन दिला आणि नियम मीच घालून दिला. मामाच्या घरी पोचलीस की एक रिंग द्यायची आणि कट करायचं.

"आणि बोलायचं नाही?" तिनं विचारलं.

"काय बोलायचंय एवढं? एक रिंग आली की मला कळलं, तू पोचलीस."

बॅलन्स वाचतो, असं मी तिला पटवलं. साफ खोटं होतं ते. मला तिची टकळी नको होती, बास.

एकदा आई अशीच सकाळच्या बसनं येवल्याला निघाली. त्या दुपारी माझं एसेमेसवर मैत्रिणीशी कडाक्याचं भांडण चालू होतं. मध्येच आईचा फोन आला. एकदाच वाजला आणि थांबला. चला, पोचली, असं म्हणून मी पुन्हा टाइप करायला लागले.

संध्याकाळी मामाचा फोन. "अगं, ताई निघाली का नाही अजून?"

"काय मामा तुम्ही! दुपारीच पोचली की. मिस कॉल आला मला."

"इथं नाही आली गं."

मी लगेच आईला फोन लावला. तो बंद होता.

मामाला ती येवल्याच्या स्टँडवर सापडली, बाकावर कलंडलेली. लोकांना वाटलं, बाई दमून झोपली असेल. पायाशी फोन पडला होता, झाकण एकीकडे आणि बॅटरी दुसरीकडे. डॉक्टर म्हणाले, अर्धांगवायू आहे, दुपारीच आणायला हवं होतं. तिची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी त्या दुपारी उलटा फोन केला असता, तर तो लागला नसता, आणि तेवढ्यानंच मला कळलं असतं. पण नाही केला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते अजून.

आता आई आतल्या खोलीत पडून असते. काही हवं असलं की डाव्या हातानं मला फोन लावते. नियम विसरलेली नाही ती. पहिली रिंग संपायच्या आत मी उचलते आणि म्हणते, "बोल ना आई." पलीकडून नुसता श्वास ऐकू येतो, आणि मग ती सवयीनं कट करते.