बंद पंख्याखालचे रशीदभाई

लातूरच्या बाजारात मी कापडी पिशव्यांच्या गठ्ठ्याचा भाव पाडत होतो, तेव्हा नांदेडहून रशीदभाईंच्या शबानाचा फोन आला. "काका, अब्बा गेले." व्यापाऱ्याला वाटलं, मी सौदा मोडायला नाटक करतोय. गठ्ठा तिथंच टाकून मी एसटी धरली. वाटभर रशीदभाईंना शिव्या देत होतो. दीड महिना होऊन गेला, अजून देतोय...

स्क्रीन प्रिंटिंग मी त्यांच्या नांदेडच्या दुकानात शिकलो. आज लातुरात माझं स्वतःचं दुकान आहे, ते त्यांच्याच शिकवणीवर. नमुन्यावर गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय छपाईला हात लावायचा नाही. पत्रिकेतली नावं लग्नघरच्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. काम संपलं की आधी जिच्यातून शाई उतरते ती जाळी धुवायची, मग चहा. ढिली जाळी फेकायची, तिथं कंजुषी नको. सगळं खरं. एकच गोष्ट चूक, आणि तीच त्यांनी जिवापाड जपली: छापताना पंखा बंद, खिडकी बंद. वारा लागला की शाई जाळीतच सुकते, अक्षर तुटतं. त्या कोंडलेल्या खोलीत थिनरच्या वासानं माझे डोळे चुरचुरायचे. ते दिवसभर तोच वास छातीत ओढायचे.

त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी बजावलं, खोलीत हवा खेळू द्या. मी दुकानदाराशी घासाघीस करून हवा बाहेर फेकणारा पंखा आणून दिला. पुढच्या खेपेला पाहतो तर तो त्यांच्या स्वयंपाकघरात!

"तुझी भाभी लई खूश हाय."

"अन् तुमची छाती?"

"अरे, अक्षर तुटलं की गिऱ्हाईक तुटतं. छातीचं काय, खोकलं की मोकळी."

मयतीला लोक कौतुकानं सांगत होते, रशीदभाईंचं अक्षर कधी तुटलं नाही. मी उठून बाहेर गेलो. थांबलो असतो तर कुणाच्या तरी अंगावर धावून गेलो असतो.

मयतीनंतरचा चाळिसावा दिवस आटोपल्यावर त्यांच्या दुकानात डोकावलो. शबाना अर्धापूरच्या केळीवाल्याच्या पिशव्या छापत होती. दार लोटलेलं, पंखा बंद, आणि पोरीला ठसका लागलेला. खिडकी उघडायला गेलो तर बापानं चौकटीत खिळे ठोकलेले! मी पकड उचलली आणि एकेक उपटायला लागलो.

"काका, काय करून राहिले? अब्बा म्हणायचे..."

"अब्बाचं नाव काढू नको माझ्यापुढं!"

खिडकी उघडली. थोड्याच वेळात पिशवीवरच्या केळीच्या घडाचं टोक उमटेना.

"बघा, तुटलं."

"तुटू दे. जाळी पूस, परत शाई ओढ."

तिनं पुसली. परत तुटलं. माझ्याकडं रागानं बघत परत पुसली. निघताना ते खिळे मी खिशात घातले आणि लातूरला घेऊन आलो. तिथं ठेवले असते तर माझी पाठ वळताच तिनं पुन्हा ठोकले असते. लेक कुणाची आहे...