डाव्या हाताची झीज

पश्चिम तांबरममध्ये नागोजीरावांचं घर विचारलं तर कोणाला सांगता येणार नाही. ‘हेल्मेट राव’ म्हटलं की ऑटोवाला थेट दारात नेऊन सोडतो. त्यामुळे महिन्यातून दोन-चार जण मोटारसायकलचं हेल्मेट मागत चुकून येतातच. नागोजीराव त्यांना हाकलत नाहीत. गच्चीवरच्या शेडमध्ये नेतात, दीड किलोचा लढाईचा पोलादी टोप हातात देतात आणि सांगतात, हा घालून गाडी चालवलीत तर पोलीस पावती फाडणार नाही, शेजारी उभं राहून फोटो काढेल. माणूस हसतो, टोप उलटासुलटा करून बघतो, आणि शेवटी हमखास विचारतो, केवढा जुना आहे हा? टोप गेल्या महिन्यात ठोकलेला असतो. एवढं ऐकलं की नागोजीरावांचा दिवस चांगला जातो.

तंजावरच्या प्रत्येक मराठी घरात एखादा पूर्वज घोड्यावर बसलेला असतोच, तसा त्यांच्याही घरात होता. खुद्द त्यांचं आयुष्य मात्र इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबण्यात गेलं. तिथे पत्र्यावर नखाएवढा ओरखडा दिसला तरी दार बाद व्हायचं. चोवीस वर्षं ओरखड्यांच्या मागे लागलेल्या या माणसानं नोकरी सुटल्यावर घरी बसून मुद्दाम ओरखडे काढायला सुरुवात केली, याची गंमत सर्वांत आधी त्यांच्या बायकोला, सईबाईंना वाटली होती.

माल परदेशी पाठवणारा वेंकट नावाचा एक गिंडीतला व्यापारी होता. त्यानं जर्मनीतलं एक गिऱ्हाईक आणलं. तिकडच्या कुठल्याशा गावात लोक दर उन्हाळ्यात जुन्या लढायांचे खेळ करतात आणि त्यासाठी त्यांना जुने दिसणारे, हातानं ठोकलेले टोप लागतात. गिऱ्हाईक पेशानं सुतार. नागोजीरावांनी जीव ओतून पहिला टोप केला. चिंचेचं पाणी आणि मीठ फासलं, ओल्या गोणपाटात तीन दिवस गुंडाळून ठेवला, धुण्याच्या सोड्यानं गंज थांबवला, वरून मेण चढवलं. टोप असा म्हातारा दिसू लागला की स्वतः नागोजीरावांनीच त्याला अहोजाहो करावं. दोन महिन्यांनी तो परत आला. सुतारानं लिहिलं होतं की गंज उत्तम आहे, पण हा टोप कोणी कधी घातलेलाच नाही.

नागोजीराव दिवसभर धुसफुसत होते. गंजाला काय कळतं, कोणी घातला आणि कोणी नाही? संध्याकाळी सईबाईंनी तो टोप हातात घेऊन फिरवून पाहिला.

"खरंच सांगतो की तो," त्या म्हणाल्या. "ह्यांत कोणी राहिलंच नाही वो. बंद घरास कोळिष्टकं लागतात, उंबरा झिजत नाही."

आणि त्यांनी टोप डोक्यावर चढवला आणि रस्सम उकळायला निघून गेल्या.

त्या दिवसापासून गंज चढलेला प्रत्येक टोप मेण लावायच्या आधी चाळीस दिवस सईबाईंच्या डोक्यावर राहू लागला. डाळ निवडताना टोप, गच्चीवर कुरड्यांसारखे वडम वाळत घालताना टोप, दारात कोलमची रांगोळी काढतानाही टोप. दारावरची बेल वाजली की तो काढून स्वयंपाकघराच्या दारालगतच्या खिळ्याला लावायचा, माणूस गेला की पुन्हा चढवायचा. तेलाची, चिंचेची, हळदीची बोटं कडेला लागायची, घाम लागायचा आणि हात पडेल तिथला गंज उडून आतलं पोलाद हळूहळू चमकू लागायचं. शेजारच्या कनकाअम्मांनी एकदा न राहवून विचारलं, हे कसलं व्रत? सईबाई म्हणाल्या, नवऱ्याचं डोकं ठिकाणावर राहावं म्हणून. हा विनोद पुढे सगळ्या गल्लीत फिरला. पुढचा टोप जर्मनीला गेला तो पुन्हा परत आला नाही, उलट सुताराच्या सोबत्यांच्या मागण्या सुरू झाल्या. प्रत्येक टोपाच्या आत नागोजीराव आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकायचे, एन आणि आर. पत्रं यायची ती ‘मास्टर’च्या नावानं. तीही ते खुशाल घ्यायचे.

सईबाई डावखुऱ्या होत्या. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नसे, जसं एखाद्याच्या जुन्या आजाराबद्दल बोलत नाहीत. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं पहिल्याच पंगतीत पळी त्यांच्या डाव्या हातातून काढून उजव्यात दिली. सासू गेल्यावर ते काम नागोजीरावांनी आपल्याकडे घेतलं. ते ओरडत नसत, त्यांचा तो स्वभावच नव्हता. पाहुण्यांसमोर हळूच एवढंच म्हणायचे, "सई, हात." की सईबाई पळी बदलायच्या. वाढताना उजवा, कुंकू लावताना उजवा, आरतीचं ताट धरताना उजवा. एकतीस वर्षांत नागोजीराव हे किती वेळा म्हणाले असतील याची मोजदाद नाही. टोपाबद्दल मात्र कुठल्याच शास्त्रात काही सांगितलेलं नव्हतं. तो त्या डाव्या हातानं घालायच्या आणि डाव्याच हातानं काढायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका टोपाच्या एकोणिसाव्या दिवशी त्यांना ताप भरला आणि सहा दिवसांत त्या गेल्या. तो अर्धा राहिलेला टोप नागोजीरावांनी त्यांच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवला. खिळा रिकामा राहिला.

काम कायमचं बंद करून चाललं नसतं, कारण रिकामं घर अंगावर यायचं. नागोजीरावांनी वर्षभरानं पुन्हा हातोडी धरली, टोप ठोकले आणि चाळीस दिवस स्वतःच घालून फिरले. असे तीन टोप गेल्यावर वेंकटचा फोन आला. तो हसत होता. सुतारानं विचारलंय म्हणे, डावखुऱ्या मास्टरनं काम सोडलं का? आधीच्या सगळ्या टोपांची झीज डावीकडे, हे तीन उजवीकडे झिजलेत. सुतार माणूस, अवजाराची मूठ बघून तो कोणाच्या हातात होती ते सांगतो. राव सार, तुम्ही कधीपासून डावखुरे, असं वेंकटनं विचारलं. पुढचा टोप डावीकडे झिजवून देतो, एवढंच सांगून नागोजीरावांनी फोन ठेवला.

लेक रम्या टी. नगरच्या एका शाळेत शिकवते, तिकडेच राहते. ती रविवारी आली तेव्हा बाप डाव्या हातानं टोप काढतोय, घालतोय, मध्येच चुकून उजवा हात वर जातोय आणि स्वतःच्याच हातावर चापट मारतोय, असं तिला दिसलं. तिला आधी हसू आलं आणि मग नाही आलं. चाळीस दिवसांची चिकाटी नागोजीरावांनी सोडली नाही. डावा खांदा भरून आला, कप फुटले, तरी झीज हळूहळू उमटली. आणि ती उमटताना पाहून त्यांना वाटायला लागलं की आपण सईला पुन्हा घरात आणतोय. खोटं कशाला बोला, त्यांना तेवढंच हवं होतं. सुताराचं नुसतं निमित्त झालं होतं.

टोप गेला. पाच आठवड्यांनी सुताराचं उत्तर आलं, ते रम्यानं फोनवर वाचलं आणि बापासाठी मराठीत सांगितलं. "अप्पा, तो लिहितो, हा हात डावाच आहे, पण तो नव्हे. पहिला हात लहान होता, आणि टोप काढताना अंगठा कडेच्या आत घालायचा. ते मास्टर बरे आहेत ना, म्हणून विचारतो."

नागोजीराव गच्चीच्या जिन्यावर बसले आणि लेकीसमोर रडले. बायको गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. वाईट वाटलं म्हणून रडले म्हणावं तर तसंही नव्हतं. गंजाची, ओरखड्यांची, शेकडो वर्षांची नक्कल करून जगाला फसवणाऱ्या या माणसाला एका हाताची नक्कल काही जमली नव्हती, आणि हजारो मैलांवर बसलेल्या, सईला जन्मात न पाहिलेल्या कोणा सुतारानं तो ओळखला होता. ज्या हाताला आपण एकतीस वर्षं आवरत राहिलो त्याची वास्तपुस्त तो माणूस करत होता.

मग त्यांना एकच ध्यास लागला. सईच्या डाव्या हाताचं काहीतरी घरात हवं. रम्यानं अल्बम काढले, फोनमधले फोटो काढले. लग्नाचे, बारशाचे, तंजावरच्या जत्रेतले. प्रत्येक फोटोत सईबाई उजव्या हातानं काहीतरी करताहेत आणि डावा हात पदराआड आहे. रम्या एकेक फोटो फटाफट सरकवत गेली. त्यातला तिचा राग नागोजीरावांना चांगलाच कळला. ट्रंकेतला टोप होता, पण एकोणीस दिवसांत गंजावर नुसती फिकट सावली धरली होती, ती उन्हात तिरकी धरली तरच दिसायची. पुरे चाळीस दिवस भरलेले सगळे टोप परक्यांच्या घरी होते.

"लिही त्यास," ते लेकीला म्हणाले. "मास्टर मी नव्हे. टोप ठोकलों मी, पण त्यांत राहिली ती. तिचं नाव सईबाई. ती गेली. तुझ्याकडचा एक टोप मज परत दे, बदल्यांत दोन नवे देतों. नाही म्हटलास तरी राग नाही, पण नाव तेवढं लिहून ठेव."

रम्यानं ते इंग्रजीत लिहिलं आणि पाठवलं. तिनं त्यात स्वतःची एक ओळ घातली की नाही हे नागोजीरावांनी विचारलं नाही.

दीड महिना काही आलं नाही. नागोजीराव रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि कुरिअरवाला दिसला की पेपर वाचत असल्याचं सोंग आणायचे. वेंकटला त्यांनी तीनदा फोन केला. तो म्हणाला, सार, कोण आपला टोप देईल? मग एका मंगळवारी खोकं आलं. आत सुताराचा स्वतःचाच टोप होता, अकरा वर्षांपूर्वी सईबाईंनी घातलेला. बदल्यात काही नको, असं चिठ्ठीत होतं.

नागोजीरावांनी टोप दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरला. डाव्या बाजूला, कानाच्या वर, चार बोटांची पोलादी चमक होती आणि कडेच्या आत अंगठ्याचा छोटा चकाकता ठसा. त्यांचा अंगठा त्या ठशात मावेना. मग त्यांना उजवी बाजू दिसली. तिथेही झीज होती, रुंद, अलीकडची, मोठ्या हाताची. त्यांनी चिठ्ठी पुन्हा रम्यापुढे धरली. तिनं खालचा भाग वाचला. सुतार लिहीत होता की हा टोप त्यानं नऊ उन्हाळे घातला, पावसाचिखलातून, पण उचलला नेहमी उजवीकडूनच. डावी बाजू आधीच कोणाचीतरी आहे असं त्याला वाटायचं. तिथे त्यानं कधी हात लावला नाही.

रम्यानं चिठ्ठी घडी करून बापाच्या खिशात ठेवली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळानं पानं घेतली. तिनं रस्सम वाढायला पळी उचलली, ती डाव्या हातात. लहानपणी याच घरात तिचाही हात बदलला गेला होता, त्यामुळे पळी जरा डगमगली आणि थोडं रस्सम पानाबाहेर सांडलं. नागोजीरावांनी मान खाली घालून भात कालवला. मग पान पुढे सरकवून आणखी एक पळी मागितली.

जेवण झाल्यावर ते उठले, हात धुतले आणि टोप त्या रिकाम्या खिळ्याला लावला. लावून झाल्यावर लांबून पाहिला, परत गेले, थोडा फिरवला. स्वयंपाकघरातून बाहेर येणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताला तो सहज लागेल, असा.