माईंचा पहिला प्रश्न

माई फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत. ‘जेवला का?’ हाच त्यांचा हॅलो. समोर कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही. एकदा कर्ज हवंय का विचारणाऱ्या मुलीलाही त्यांनी हेच विचारलं. ती बिचारी गडबडून म्हणाली, ‘नाही हो आजी, आज डबाच आणला नाही.’ मग काय, माईंनी तिची अशी कानउघाडणी केली की कर्ज राहिलं बाजूला.

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत त्या माझ्या समोरच राहायच्या. मूळच्या त्र्यंबकेश्वरकडच्या. नवरा अंबडच्या कारखान्यात राबता राबता गेला, मग नागलीचे पापड विकून त्यांनी सागरला वाढवलं. एकुलता एक. तो निमलष्करी दलात गेला, काश्मीरच्या डोंगरात पोस्टिंग झालं, तेव्हापासूनची ही सवय. मी चिडवायची, ‘माई, आधी कोण आहे ते तरी विचारा!’

‘तिथं रेंज लय जाते गं. फोन कधी तुटंल सांगता येत नाय. म्हून पहिला प्रश्न मोलाचा. पोटात काही गेलं असंल तर बाकीचं निभतं.’

त्या दुपारी आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. खालच्या घरातल्या टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. जवानांच्या ताफ्यावर अतिरेक्यांचा हल्ला. माई सागरचा नंबर लावत राहिल्या. फोन बंद. ‘रेंज नसंल,’ म्हणायच्या आणि परत लावायच्या. मी नुसती हो हो करत होते, दुसरं काय करणार?

संध्याकाळी फोन वाजला. माईंनी झडप घालून उचलला. ‘जेवला का?’

पलीकडे सागर नव्हता, त्याचे अधिकारी होते. ते हळूच म्हणाले, ‘माताजी, घर में और कोई है?’ माईंनी फोन माझ्या हातात दिला. मी काय ऐकलं ते आजही नीट आठवत नाही. माई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एवढंच आठवतं.

सागरला तिरंग्यात आणलं. अंत्यविधी झाला आणि मग तमाशा सुरू झाला. चौकात दोन पक्षांचे फ्लेक्स लागले. सागरचा फोटो छोटा, पुढाऱ्यांचे मोठे. टीव्हीवर एक म्हणे, बदला घेऊ. दुसरा म्हणे, हल्ल्याची खबर आधीच आली होती, तरी ताफा सोडला. माई भिंतीला टेकून सगळं ऐकायच्या. माझा नुसता संताप संताप व्हायचा.

तेराव्याच्या आधी एक पुढारी कॅमेरे घेऊन आला. मुंबईहून मोठे साहेब सांत्वन करणार होते. त्यानं फोन स्पीकरवर टाकून माईंपुढे धरला. मला वाटलं, आता ह्या सवयीनं ‘जेवला का’ विचारतात की काय!

माई म्हणाल्या, ‘साहेब, खबर आली व्हती म्हणत्यात. मग पोरांना का पाठवलं?’

पुढाऱ्यानं घाईघाईनं फोन खिशात घातला. ‘रेंज गेली वाटतं, माई.’

‘इथं रेंज जात नाय, दादा.’

त्या क्लिपवरून पुढं रणकंदन माजलं. एक पक्ष म्हणाला, बाईला कुणीतरी पढवलंय. दुसऱ्यानं माईंचाच फ्लेक्स लावला. अरे, माणसं आहात की कोण? उत्तर तेवढं कुणीच दिलं नाही. माई घराला कुलूप लावून भावाकडे गावी निघून गेल्या.

परवा मी त्यांना फोन केला. उचलल्या उचलल्या त्या म्हणाल्या, ‘का पाठवलं?’

‘माई, मी आहे. समोरची सुनंदा.’

‘तू व्हय. बरं.’

आणि गप्प झाल्या. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्यांनी विचारावं म्हणून फोन कानाला लावून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.