मंगलाताईंचा लाल टॅग

गोविंदपुऱ्याला लागून असलेल्या आमच्या टाउनशिपमध्ये सुधाकरराव पेंढारकरांइतका नियमाला चिकटलेला माणूस दुसरा नव्हता. कारखान्यात ते शिफ्ट इनचार्ज. दुरुस्तीला काढलेलं मशीन कुणी चालू करू नये म्हणून त्यावर कारागिराने आपल्या नावाचा लाल टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा, हा तिथला नियम. एका साहेबाने परस्पर टॅग काढला, तर यांनी साहेबाचाच रिपोर्ट केला. त्यात यांचं प्रमोशन गेलं ते गेलंच.

त्यांच्या पत्नी मंगलाताई त्याच कारखान्यात टेक्निशियन होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी मराठी मंडळाच्या वाचनालयातला जुनापुराणा कॉम्प्युटर दुरुस्तीला घरी नेला. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती, पण निम्म्यावर गेलं की ते घोडं अडायचं. वाचनालय मी सांभाळते, म्हणून मी रोज त्यांच्या मागे लागायची. नवऱ्याने मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्यांनी थट्टेत कॉम्प्युटरला लाल टॅग बांधला: 'काम चालू आहे. मंगला.' चौथ्या दिवशी त्या हॉस्पिटलात गेल्या आणि परत आल्या नाहीत.

सुधाकरराव रडले नाहीत. तेराव्याला पानात मीठ वाढलंय का, ते बघत होते. काहीही विचारा, 'हो' म्हणायचे. जेवलात? हो. बरे आहात? हो. मला त्या 'हो'चा राग यायचा. माणसाने निदान भांडावं तरी.

आठ महिने गेले. मंडळाने ठरवलं, रविवारपर्यंत कॉम्प्युटर सुरू झाला नाही तर कबाडीला द्यायचा. मी जाऊन सांगितलं.

"टॅग मंगलाचा आहे," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मग कारखान्यात माणूस आलाच नाही, तर मशीन जन्मभर बंद ठेवायचात?"

त्यांनी कॉम्प्युटरवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "नाही. त्याचा फॉर्म असतो. शिफ्ट इनचार्ज सही करतो."

कोऱ्या कागदावर त्यांनी पट्टीने रकाने आखले. टॅग कुणाचा, तारीख, काढणारा कोण. ते भरून सही केली आणि टॅग सोडला. मागे मंगलाताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'मेमरीच्या दोन पट्ट्या. पहिली तपासली, ठीक. दुसरी काढून बघणे.'

त्यांनी खोका उघडून दुसरी पट्टी काढली आणि सिस्टिम पुन्हा टाकायला घेतली. या वेळी काम निम्म्यावर अडलं नाही. तासाभरात कॉम्प्युटर सुरू झाला. मला आनंद झाला आणि लगेच त्याची लाजही वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मी निघाले, तर ते म्हणाले, "थांबा. एक रकाना राहिलाय."

शेवटचा रकाना होता: 'टॅग काढल्याचे संबंधिताला कळवले काय?'

त्यांनी पेन कागदावर ठेवलं. मग उठले, बाहेरच्या खोलीत फोटोसमोर गेले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "मंगला, तुझा टॅग काढलाय."

परत येऊन त्यांनी रकान्यात लिहिलं, 'हो.'